दोन कडव्यांच्या मधली आत्या

…आणि वर मलाच विचारतात, "गाणं काय कोणाच्या मालकीचं असतं का गं? वाऱ्यावरची वस्तू ती!" वाऱ्यावरची वस्तू! कोण म्हणतंय? माझे बाबा! कोणाला म्हणतायत? मला! जिला पगारच मुळी या एका कामाचा मिळतो, की बाई, इंटरनेटवर जिथे जिथे चोरून चढवलेलं गाणं दिसेल तिथून ते उतरव, तिच्याच घरात, तिच्याच वाय-फायवर, हे गृहस्थ फुकटातली गाणी ऐकत बसतात आणि वर पाय हलवून ताल धरतात! तुम्हाला सांगते, चोरीच करायची तर निदान ताल तरी धरू नये हो माणसाने!

माझं म्हणणं अगदी साधं आहे. मी कोणाला ऐकू नका म्हणत नाही. पैसे भरा, गाणं ऐका, विषय संपला! एवढंच! पण ही जी आपली वडीलधारी मंडळी आहेत ना… दुकानदाराने चुकून जास्त सुट्टे दिले तर उन्हातून परत करायला जातील, शेजाऱ्यांचा पेपर विचारल्याशिवाय उघडणार नाहीत, आणि गाणं म्हटलं की संपलं, गाणं म्हणजे चौकातला नळ! बादली लावा, भरा, न्या! आणि आपण काही बोलायला गेलो की ठरलेलं उत्तर, "तुझं शिक्षण जास्त झालंय." झालंय ना! झालंयच! मग उपयोग करू दे की मला त्याचा!

आता माझं ऑफिस कसं आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला कळेल. तिसऱ्या मजल्यावर एक लांबलचक खोली. खिडक्या आहेत, पण त्या उघडत नाहीत, नुसत्या दिसतात. आम्ही सगळे ओळीने बसतो, कानाला हेडफोन, प्रत्येकाच्या कानात वेगळं गाणं, आणि खोलीत मात्र चिडीचूप… बाहेरून कोणी डोकावलं तर त्याला वाटेल, हे सगळे मिळून कोणाची तरी वाट बघतायत. काम असं, की चोरीच्या गाण्याची लिंक यंत्र शोधून काढतं आणि तुमच्या पडद्यावर टाकतं. पण आमच्या कंपनीचा यंत्रावर विश्वास नाही. म्हणून नियम असा, की 'हटवा' हे बटण दाबण्याआधी माणसाने ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या कानाने ऐकायचं. मध्ये पुढे ढकलायचं नाही. पूर्ण ऐकायचं आणि मग मारायचं. आमचा टीम लीडर आहे, त्याला आम्ही 'बफरिंग' म्हणतो, कारण त्याचं वाक्य सुरू होतं आणि मध्येच अडकतं… "हे बघ… शेवटचं ऐकणारे… आपणच असतो… तेवढा मान… द्यायचा." काय बोलतो ना! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

तर बाबा. बाबांचं चिंचोळं दुकान आहे, आता तिथे मोबाइलची कव्हरं आणि चार्जर लटकतात, पण त्यांच्या तरुणपणी तिथे कॅसेटी भरून मिळायच्या. कोरी कॅसेट घेऊन या, कुठली गाणी हवीत ते सांगा, संध्याकाळी न्या. म्हणजे चोरीचा पिढीजात धंदाच म्हणा! असं म्हटलं की बाबा चिडतात. "मी काय चोरलं? रेडिओवाल्यांनी हवेत सोडलं, मी पकडलं! अंगणात आलेला वास घेतला तर चोरी होते का?" आता या माणसाशी कायद्यावर काय बोलणार?

आणि आत्या. बाबांची मोठी बहीण. बाबा लहान असतानाच आईवडील गेले, आत्याने त्यांना वाढवलं, स्वतःचं लग्न-बिग्न राहिलंच, आणि ती मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर झाली ती शेवटपर्यंत. वसतिगृहातल्या मुली सुट्टीला जायच्या तेव्हा आमच्यावर रेक्टरगिरी चालायची. दिवा घालव. चपला ओळीत. केस नीट बांध, झाडू उभा राहिल्यासारखी दिसतेस. तिचा आवाज म्हणजे असा, की रस्त्यावरून अनोळखी माणूस जरी चालला असेल तरी त्याचे हात आपोआप खिशातून बाहेर यायचे. पण एक होतं. हा आवाज तिने कधी कोणाला भरू दिला नाही. लग्नात व्हिडिओवाला समोर आला की उठून जायची. फोनवरून आवाज रेकॉर्ड करून पाठवतात ना, ते तर तिला बघवायचंच नाही. "मी काय डब्यात भरून ठेवायची वस्तू आहे? जेव्हा हवी तेव्हा झाकण उघडलं?" गेली तेव्हा आमच्याकडे तिचे मोजके फोटो राहिले, त्यातही निम्म्यात पाठमोरी… आणि आवाज म्हणाल तर फक्त एक. एकाच ठिकाणी. तो कुठे? सांगते.

बाबांच्या लग्नाआधीची गोष्ट. रेडिओवर एक गाणं लागायचं होतं, अशा बाईचं, की जिने आयुष्यात मोजकीच गाणी गायली आणि मग ती कुठे गेली कोणाला माहीत नाही. बाजारात त्याची कॅसेट नव्हती, तबकडी नव्हती, काही नव्हतं. मग बाबांनी काय केलं? रेडिओसमोर टॉवेलाची घडी, त्यावर माइक, पंखा बंद, नळ घट्ट, घरात शुकशुकाट, श्वास घ्यायचा तोसुद्धा तोंड दुसरीकडे करून. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, मधलं संगीत सुरू झालं, बासरी अशी वर वर निघालीय… आणि आत्या बाहेरून आली. "दार लाव रे, धूळ येतेय!" बाबा, "श्श्ऽऽ!" आणि आत्या, त्या रेक्टरच्या आवाजात, "मला गप्प करतोस?" आणि लगेच दुसरं कडवं सुरू. संपलं! तेवढीच आत्या! शेवटी गाणं संपता संपता आमच्या गल्लीतला एक कुत्रा भुंकतो, पण तो गौण.

ही कॅसेट पुढे बाबांनी संगणकावर घेतली आणि एका साइटवर चढवली, जिथे असले जुन्या गाण्यांचे वेडे जमतात. कॅसेटला बुरशी आली, संगणक भंगारात गेला, आणि बाबांना विचारलं की तुमच्याकडे प्रत आहे ना, तर म्हणाले, "नेटवर आहे की! घरात कशाला पसारा?" रोज संध्याकाळी दुकान बंद करून आले की ती लिंक उघडायची, डोळे मिटून बसायचं, मधल्या संगीतात आत्या ओरडली की बाबा हळूच म्हणायचे, "लावलं गं ताई." आणि मग दुसरं कडवं ऐकायचे. मी म्हणायचे, बाबा, ही चोरी आहे. तर म्हणायचे, "माझी बहीण चोरीची?" गाणं हो, गाणं चोरीचं! "मग गाणं काढ आणि बहीण ठेव." कसं काढू? ती दोन्ही एकमेकांत मिसळलीत! मी तरी माझं म्हणणं सोडलं नाही. पैसे भरा, गाणं ऐका, विषय संपला. आता या गाण्याचे पैसे भरायचे कुठे, ते कुठेच विकत मिळत नाही, हा मुद्दा बाबांनी काढला होता. मी विषय बदलला होता.

बरं, बाबा स्वतःपुरतं ठेवतील तर ते बाबा कसले? दुकानात येईल त्याला लिंक! चार्जर घ्या, लिंक घ्या. हळूहळू आमच्या सगळ्या रस्त्यावर ते गाणं वाजायला लागलं. सलूनमध्ये, शिवणाच्या दुकानात, रक्त तपासतात त्या लॅबमध्ये, झेरॉक्सवाल्याकडे. मी सुट्टीच्या दिवशी रस्त्याने निघाले की डावीकडून आत्या, "दार लाव रे!" उजवीकडून आत्या, "दार लाव रे!" आणि दोन्हीकडे कोणीतरी खरंच उठून दार लावतंय! मी प्रत्येकाकडे जाऊन कायदा सांगितला. दुकानात गाणं वाजवायला वेगळा परवाना लागतो, माहितेय का तुम्हाला? सलूनवाला कात्री हवेत धरून म्हणतो, "ताई, मी डाउनलोड कुठे केलं? मी नुसतं चालू केलं! नुसतं चालू केल्याला पण गुन्हा असतो?" आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक, तोंडाला फेस, आरशातून मला म्हणतं, "ऐकलं तर ऐकणाऱ्याचा गुन्हा की वाजवणाऱ्याचा? कारण मी तर डोळे मिटले होते." काय तर्क आहे! डोळे मिटले होते!

आणि मग शिवणवाल्या काकू. मला हात धरून आत नेलं, आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझी आत्या काल माझ्याशी बोलली." मी म्हटलं, काकू, ती दार लाव म्हणते, ते गाण्यातच आहे. "नाही गं. ते रोजचंच. पण त्याच्या जागी काल म्हणाली, बाही उलटी लागतेय. मी बघितलं… उलटी लागत होती." मी हसले. मोठ्याने हसले. काकू हसल्या नाहीत. मशीनवर तो ब्लाउज तसाच पडला होता, अर्धा उसवलेला.

मग सलूनवाला. त्याच्याकडे म्हणे मधल्या संगीतात आवाज आला, "कान सांभाळ!" आणि याचा हात जागच्या जागी थांबला, वस्तऱ्याखाली गिऱ्हाइकाचा कान होता. मग लॅबवाली, शिकलेली बाई हो, माझ्याच वयाची, पांढरा कोट घालते, तीसुद्धा! "ती म्हणाली, नळ्यांवरची नावं बघ. मी बघितली. दोन नळ्यांची अदलाबदल झाली होती. त्यातल्या एका माणसाला उगाच भलतंच औषध सुरू झालं असतं." मी म्हटलं, अगं, तू विज्ञान शिकलीस ना? फाइल जुनी आहे, खराब होते, खरखर येते, आपलं डोकं त्या खरखरीतून शब्द बनवतं! ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाणं चालू!

आणि झेरॉक्सवाला… याचं मात्र मला हसू आलं नाही. भर दुपारी, दुकानात तो एकटा, गाणं चालू, आणि आवाज म्हणाला, "दार लाव. तो परत आलाय." याने शटर ओढलं, दिवे बंद केले आणि मशीनच्या मागे बसून राहिला. कोण परत आला होता, ते तो अजून कोणाला सांगत नाही. त्याच्या दुकानाचं शटर मात्र तेव्हापासून अर्धंच वर असतं. लोक वाकून आत जातात, प्रती काढतात, वाकून बाहेर येतात. कोणी विचारत नाही.

मी काय केलं? मी हुशार ना! मी म्हटलं, हे सिद्ध करून दाखवते. डाउनलोड कुठे केलं म्हणणाऱ्या त्याच सलूनवाल्याने पुढे हौसेने ते गाणं फोनमध्ये डाउनलोड करून ठेवलं होतं. मी ती प्रत घेतली, त्याच्यासमोर लावली. पहिलं कडवं. मधलं संगीत. बासरी वर वर चाललीय… आणि काही नाही. नवीन वाक्य सोडाच हो, मूळचं "दार लाव रे"सुद्धा नाही! बाबांचं "श्श्" मात्र होतं. कोणीतरी कोणालातरी गप्प करतंय, आणि समोर कोणीच नाही… पुन्हा लावलं. तेच. सलूनवाला म्हणाला, "साठवलं की ती बोलत नाही, ताई. आम्हाला माहितेय. म्हणून तर आम्ही चालूच ठेवतो." म्हणजे या लोकांनी आपापसांत नियमसुद्धा ठरवला होता! मी घरी येऊन बाबांना सांगितलं, तर बाबा म्हणाले, "तिला डब्यात भरलेलं आवडायचं नाही," आणि पुढचं बिस्किट चहात बुडवलं.

असो. आणि मग एका सकाळी ऑफिसात मी खुर्चीत बसले, पडदा उघडला, आणि पहिलीच लिंक…

ओळखलंत. बाबांची. एका कंपनीने म्हणे जुन्या गाण्यांचे सगळे हक्क विकत घेतले होते, त्यात ते गाणंही आलं होतं, आणि तक्रार रीतसर होती, शिक्क्यासकट. कोणालाही गेली असती हो ती लिंक! अख्खी ओळ बसलीय! पण माझ्याच पडद्यावर यायची होती. मी बफरिंगकडे गेले. म्हटलं, ही दुसऱ्या कोणाला दे. "का?" म्हटलं, ओळखीचं आहे. "गाणं… ओळखीचंच… असतं ना?" आता काय सांगू? की त्यात माझी आत्या आहे, ती अधूनमधून नवीन वाक्यं बोलते, आणि माझे बाबा रोज संध्याकाळी तिला उत्तर देतात? शिवाय माझं तत्त्व! मी जगाला सांगत फिरते, पैसे भरा, गाणं ऐका, विषय संपला, आणि माझ्या घरचं आलं की मी खुर्ची बदलणार? मग माझ्यात आणि चौकातल्या नळावर बादली लावणाऱ्यांत फरक काय राहिला?

बसले. हेडफोन घातले. नियमाने पहिल्यापासून. पहिलं कडवं झालं. मधलं संगीत सुरू झालं. तुम्हाला सांगते, ते रेकॉर्डिंग एका माइकचं, दोन्ही कानांत सारखंच यायला हवं. बासरी दोन्ही कानांत होती. आणि आवाज आला तो फक्त डाव्या कानात. इतका जवळून की मी हेडफोन काढून मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं, नुसती ती न उघडणारी खिडकी… आणि आवाज काय म्हणाला? दार लाव म्हणाला नाही. हळू, अजिबात रेक्टरसारखा नाही, म्हणाला, "तूसुद्धा मला गप्प करणार?"

मी उरलेलं गाणं ऐकलं. दुसरं कडवं, तिसरं कडवं, कुत्रा. नियम म्हणजे नियम. आणि बटण दाबलं.

काय चूक केलं मी? सांगा ना! कायद्याने बरोबर, नोकरीने बरोबर, तत्त्वाने बरोबर! घरी जाताना मी स्वतःला तेच सांगत होते, फक्त फुटपाथवरची सगळी दुकानं गप्प होती. सलूनवाल्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने कानाला कापूस धरला होता. शिवणवाल्या काकू मशीनवर हात ठेवून नुसत्या बसल्या होत्या. लॅबवालीने मला बघितलं आणि पडदा ओढून घेतला. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं हो, मी भांडायला तयार होते!

घरी बाबा टेबलाशी बसले होते, समोर फोन, फोनवर ते करडं पान, 'हक्कधारकाच्या तक्रारीवरून हे गाणं काढण्यात आलं आहे.' बाबा पान पुन्हा पुन्हा उघडत होते. जणू पान पुन्हा उघडलं की ताई येईल. आई म्हणाली, "मघापासून असेच बसलेत." बाबांनी वर न बघता विचारलं, "तुझ्याच ऑफिसातून?"

म्हटलं, हो बाबा. नियमाने गेलं. मी खरं तर पुढचं सगळं तयार ठेवलं होतं, परवाना म्हणजे काय, गाणाऱ्यांचं पोट, सगळं! पण बाबा भांडलेच नाहीत. म्हणाले, "तुमच्यात काढायच्या आधी पूर्ण ऐकतात ना?"

"हो."

"तू ऐकलंस?"

"हो."

"काय म्हणाली?"

आता… काय सांगणार? मी म्हटलं, "दार लाव म्हणाली." बाबांनी मान हलवली, उठले, आणि दार लावून आले. दार लावलेलंच होतं. त्यांनी उघडून पुन्हा लावलं.

त्यानंतर आमच्या घरात जी शांतता आली ना, तिला मी घाबरायला लागले. शांततेत काही नसतं असं आपल्याला वाटतं. पण आमच्या घरातल्या शांततेला मध्ये एक जागा होती. जेवताना सगळे एकदम गप्प व्हायचे, तेवढ्याच वेळापुरते, बासरी वाजून जाईल इतका वेळ, आणि मग पुन्हा चमचे वाजायला लागायचे. आई म्हणाली, "तुला पण जाणवतं का?" मी म्हटलं, काय? "काही नाही," म्हणाली.

शेवटी मीच चिडले. म्हटलं, यावर कायदेशीर उपाय असतो! त्या हक्कवाल्या कंपनीला मी पत्रावर पत्रं धाडली. तुम्ही गाणं काढायला लावता, मग विकत तरी ठेवा! लोक पैसे भरायला तयार आहेत, भरणार कुठे? पहिलं उत्तर आलं, आमच्याकडे मूळ टेपच उपलब्ध नाही. म्हणजे बघा! ज्यांच्याकडे गाणं नाही ते मालक, आणि ज्याच्याकडे आहे तो चोर! हे मी बाबांना सांगितलं नाही, त्यांना फार आनंद झाला असता. मी पत्रं लिहितच राहिले. आणि एक दिवस निरोप आला, आपलं आवडतं गाणं आता आमच्या ॲपवर, शुद्ध आणि सुस्पष्ट आवाजात!

बघितलंत? कायद्याने होतं! मी पैसे भरले, वर्षाचे एकदम भरले, अख्ख्या कुटुंबाचे भरले, आणि नाचत घरी आले. संध्याकाळ होती, आईला हाताला धरून आणलं, बाबांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या जुन्या स्पीकरला फोन जोडला. "बाबा, रीतसर! पैसे भरून! आता कोणाचा बापही हे काढू शकत नाही!" बाबांनी डोळे मिटले. पहिलं कडवं… काय आवाज होता हो, बाई समोर बसून गातेय असा! मधलं संगीत सुरू झालं. बासरी वर निघाली. बाबांचे ओठ उत्तरासाठी तयार झालेले मला दिसले…

बासरी खाली आली. दुसरं कडवं सुरू झालं.

काहीच नव्हतं. आत्या नाही, बाबांचं "श्श्" नाही, काही नाही. धुवून, पुसून, इस्त्री करून ठेवलं होतं. मी म्हटलं, दुसरीकडून मिळवलं असेल यांनी, कुठेतरी चांगली टेप सापडली असेल… आणि गाणं संपता संपता तो कुत्रा भुंकला. आमच्या गल्लीतला. शेवटचा तेवढा पुसायचा राहिला होता.

म्हणजे यांनी बाबांचीच फाइल घेतली! आम्हाला ती काढायला लावली, आमचीच घेतली, आमची बाई त्यातून पुसली, आणि मला विकली! आणि मी घेतली, नाचत घेतली! मी ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पैसे भरा, गाणं ऐका… आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचे दोन शब्द काही केल्या बाहेर येईनात.

बाबा डोळे उघडून म्हणाले, "छान आहे गं. अगदी स्वच्छ आहे." आणि हसले. माझ्या समाधानासाठी हसले! मला वाटलं, यांनी मला ओरडावं, एकदा तरी, मोठ्याने! मी फोन ओढून काढला, ॲप बंद केलं, फोनच बंद केला, स्पीकरची वायर भिंतीतून उपटली. खोलीत काही म्हणजे काही चालू नव्हतं. पंखासुद्धा नाही. आईने डोळ्यांना पदर लावला.

आणि आवाज आला, "काय धुवून ठेवलंय हे! माणसं राहतात की नाही या घरात?"

मी स्पीकरकडे बघितलं. वायर माझ्या हातात होती. आई भिंतीला टेकली. आणि बाबा? बाबा ताठ बसले, चपला पायाने ओळीत सरकवल्या आणि म्हणाले, "नाही ताई, ते हिने आणलंय."

म्हणजे माझ्यावर ढकललं!

तेव्हापासून ही अशीच. गाणं नको, लिंक नको, स्पीकर नको. सकाळी कपाट उघडलं की, "घडी घालायला कोणी शिकवलं नाही का?" मी आरशासमोर उभी राहिले की डाव्या कानात, "केस!" काल मी ऑफिसला निघताना बाहेर रस्त्यावर सलूनवाला, काकू, लॅबवाली, सगळे आमच्या खिडकीखाली उभे, नुसते वर बघतायत, कान देऊन. झेरॉक्सवालासुद्धा होता, वाकूनच उभा होता बिचारा. आणि बाबा खिडकी उघडून म्हणतायत, "थांबा, आत्ता बोलेल."

मी बफरिंगला विचारलं. म्हटलं, समजा… कोणी न चढवता, कोणी न उतरवता, एखादा आवाज घरात सारखा येत असेल, तर नियम काय? तो किती वेळ अडकला माहितेय? मग म्हणाला, "हक्क… कोणाचे?" म्हटलं, जिचे आहेत ती वारली. "मग… तक्रार… कोण करणार?"

तेच तर! मी करू? कोणाविरुद्ध? आणि बटण दाबायच्या आधी पूर्ण ऐकायचं असतं… ही संपते कुठे! मी फुकट ऐकणारी नाही हो, अजूनही नाही, माझी रीतसर भरायची तयारी आहे. फक्त हे डाउनलोडमध्ये धरायचं की स्ट्रीमिंगमध्ये, आणि पावती कोणाच्या नावाने फाडायची, तेवढं कोणीतरी सांगा… तोवर ऐकतेय. काय करणार, गप्प ऐकतेय.